फळं, क्रियापदं आणि पाण्याचा टब: छोट्या गटाच्या इंग्रजी सत्रांच्या नोंदी

२ जुलै

चार ते सहा वर्षांची मुलं, छोटा गट, घरी सगळे मराठी बोलणारे. दिवसाआड वीसेक मिनिटं इंग्रजी. विषय आधीच ठरून आला आहे: फळं. सोबत एक चकचकीत चार्टही आला. वीस फळं, प्रत्येकाखाली इंग्रजी नाव. अपेक्षा अशी की ताईने एकेका चित्रावर पट्टी टेकवायची आणि मुलांनी एका सुरात नाव घ्यायचं.

चार्ट भिंतीवर लावणार नाही. का, ते लिहून ठेवते, म्हणजे कोणी विचारलंच तर शोधत बसावं लागणार नाही. एकाच जातीचे नवे शब्द एकदम शिकवले की ते एकमेकांत मिसळतात. टिंकम यांनी १९९३ मध्ये हे तपासलं, वेअरिंग यांनी १९९७ मध्ये पुन्हा करून पाहिलं: एका गटात बसणारे शब्द पाठ व्हायला, एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा जास्त फेऱ्या लागल्या. ते प्रयोग मोठ्या माणसांवर आणि बनावट शब्दांवर झाले होते, त्यामुळे जसेच्या तसे मुलांना लावता येणार नाहीत. पण पीच, पेअर, प्लम एकाच दिवशी शिकवून पाहिलेल्या कोणालाही यात नवल वाटायचं नाही.

मग फळं घ्यायचीच कशाला? कारण फळ हातात घेता येतं, सोलता येतं, कापता येतं, हुंगता येतं, खाता येतं, कोणाला तरी देता येतं. चार वर्षांच्या मुलासमोर बसून इतक्या क्रिया करता येतील अशा वस्तू फार नाहीत. खुर्चीचं काय करणार? बसणार. फळाचं मोल त्याच्या नावात कमी आहे, त्याच्यासोबत जे जे करता येतं त्यात जास्त आहे. आखणी याच धोरणावर.

४ जुलै

आज फक्त पाहणी. टेबलावर सफरचंद, केळं, संत्रं, द्राक्षं, लिंबू ठेवलं आणि मुलांना हवं ते करू दिलं. ॲपल आणि बनाना जवळजवळ सगळ्यांना येतं. ऑरेंज बऱ्याच जणांना येतं, काहींच्या मते तो फक्त रंग आहे. ग्रेप्स थोड्यांना. लेमन कोणालाच नाही.

म्हणजे महिनाभराने मुलं ॲपल-बनाना म्हणून दाखवतील तेव्हा ते या सत्रांचं श्रेय नसेल. ही गोष्ट शेवटी सोयीस्करपणे विसरली जाते म्हणून इथे ठळक लिहिते.

काही करायला सांगितलं तर मात्र एकदम शांतता. 'गिव मी द बनाना' म्हटलं की बनाना ऐकून मुलं केळ्याकडे बघतात, बोट दाखवतात, देत नाहीत. 'पील' ऐकून कोणी हललं नाही. काम इथे आहे.

शब्द ठरवले. क्रिया: वॉश, पील, कट, स्मेल, गिव, टेक, पुट. गुण: सावर, सॉफ्ट, स्टिकी, स्वीट. आणि लहान पण फार कामाचे: मोअर, हाफ, माय, नो, मी. फळांची नावं जाता जाता येतील. पेअर इतक्यात नाही. दिसायला सफरचंदाच्या जवळचं, नवं आणि घरी क्वचित येणारं, त्यामुळे ॲपलच्या डोक्यावर बसेल.

पालकांना चिठ्ठी: कोणत्या फळाची ॲलर्जी आहे का, घशाला खाज, ओठांना सूज असं कधी झालंय का. किवी तर यादीतून काढूनच टाकलं, त्याची ॲलर्जी असणारी मुलं बऱ्यापैकी आढळतात आणि त्याच्यावाचून काही अडत नाही.

मदतनीस ताईंशी ठरलेले नियम: फळ खाताना सगळे खाली बसलेले, त्या वेळी खेळ नाही, हसवणं नाही. द्राक्ष अख्खं कोणालाही द्यायचं नाही. उभं कापून त्याचे चार तुकडे. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत चपखल बसतं, आडवं कापलं तरी गोल चकती राहतेच. सफरचंदाची फोड पातळ. मुलांच्या हाती बोथट प्लॅस्टिकची सुरी, ती केळ्यासाठी पुरते. बाकी कापाकापी ताई करणार.

७ जुलै

केळं. एकच फळ, वीस मिनिटं.

मी काही न विचारता करून दाखवलं: पील. साल ओढली. पील. पुन्हा ओढली. मग सगळ्यांच्या हातात एकेक केळं आणि पुढची सत्राभर फक्त माझा आवाज. पील. स्टॉप. स्मेल. पील. कट. गिव. मुलांकडून एक शब्दही मागितला नाही.

जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स' नावाने जी पद्धत मांडली तिचं मर्म एवढंच: आधी ऐकायचं आणि अंगाने उत्तर द्यायचं, बोलणं तयार झालं की आपोआप येईल. लहान मुलांसोबत हे चालतं, याला माझ्या मते एक साधं कारण आहे. सूचना पाळताना चुकलं तर कोणाला कळतही नाही. शेजारच्याचं बघून सुधारता येतं. तेच तोंडाने बोलताना चूक सगळ्या गटाला ऐकू जाते.

'स्टॉप' आखणीत नव्हता. घालावा लागला, कारण साल ओढायला लागली की मुलं थांबेनात. आता तो त्यांचा सगळ्यात आवडता शब्द आहे. केळ्याला हात लावायच्या आधीच 'स्टॉप' म्हणून एकमेकांना अडवतात.

एक मुलगा पूर्ण सत्र गप्प. प्रत्येक सूचना मात्र बरोबर पाळली, बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी. त्याला बोलतं करायला जाणार नाही.

८ जुलै

केळ्याच्या साली ठेवायला वेगळी परात हवी. 'पुट द पील हिअर' हे वाक्य आपसूक मिळेल. ओलं फडकं प्रत्येकी एक.

१० जुलै

सफरचंद. आखणीत होतं: रेड, हाफ, कट.

सफरचंद आडवं कापलं. नेहमी उभं कापतात, त्यामुळे आतली पाच टोकांची चांदणी दिसत नाही. देठ डावीकडे, बूड उजवीकडे ठेवून मधोमध सुरी घातली की पाच कप्पे, एकेका कप्प्यात साधारण दोन बिया. गलका झाला. सगळ्यांची बोटं बियांकडे.

रेड तिथेच सोडलं. सीड घेतलं. मुलाचं लक्ष ज्या वस्तूवर आधीच खिळलंय तिचं नाव सांगितलं तर ते लवकर बसतं, लक्ष दुसरीकडे वळवून सांगितलं तर कमी बसतं. टोमॅसेलो आणि फॅरर यांनी १९८६ मध्ये अगदी लहान मुलांच्या बाबतीत हे दाखवलं होतं. माझा गट त्यांच्यापेक्षा मोठा, पण नजरेचा नियम तोच. रेड कुठे पळून जात नाही.

बिया मोजण्यात आठ मिनिटं गेली. वन, टू, थ्री येत होतंच, आता त्याला मोजायला काहीतरी मिळालं. एकीने तिच्या अर्ध्यात एक बी कमी आहे म्हणून तक्रार केली आणि शेजारणीच्या अर्ध्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मोअर सीड". कोणी न सांगता जोडलेले पहिले दोन शब्द. व्याकरण बघत बसले नाही. "यस, शी हॅज मोअर सीड्स," एवढंच म्हणून पुढे गेले.

बिया नंतर गोळा करून टाकल्या. चावायच्या नाहीत, हे मराठीत सांगितलं. काळजीच्या सूचना मराठीतच. तिथे भाषेचा सराव नको.

१४ जुलै

उच्चार. मुलं बनाना म्हणतात तेव्हा तिन्ही अक्षरांवर सारखंच वजन देतात, इंग्रजीत जोर मधल्या 'ना'वर. दुरुस्त करायला गेलं की मुलं गप्प होतात. म्हणून टाळीचा खेळ: ब-ना-ना, मधल्यावर मोठी टाळी, कडेच्या दोन्ही नुसत्या बोटांच्या. ऑ-रेंज, पहिल्यावर टाळी. पोटॅटोची हौस एका मुलाने केली, त्यालाही मधलीच टाळी. फळ नाही म्हणून हाकललं नाही.

अनेकवचन जरा गुंतागुंतीचं आहे आणि फळांमुळे अचानक समोर येतं, कारण फळं एकेकटी कमीच असतात. लिहायला एकच एस, ऐकायला तीन प्रकार: ग्रेप्समध्ये 'स्', ॲपल्समध्ये 'झ्', ऑरेंजेसमध्ये 'इझ्'. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून, 'हा वग, आता असे दोन आहेत, हे दोन काय?' असं विचारलं होतं. बहुतेकांनी न ऐकलेल्या शब्दाचंही अनेकवचन केलं. पण जिथे 'इझ्' लागतो असे बनावट शब्द आले तिथे त्याच मुलांची गाडी अडली. मातृभाषेतही जे शेवटी येतं ते इथे मागायचं नाही. टू ऑरेंज म्हणाले तर टू ऑरेंज. मी बोलताना ऑरेंजेस म्हणत राहीन.

१७ जुलै

पालकांचा प्रश्न आला, येणारच होता: किती शब्द झाले?

ताई म्हणाल्या, "दहा म्हणून सांगून टाका, विषय मिटेल." मिटणार नाही. आकडा सांगितला की संध्याकाळी घरी परीक्षा सुरू होते. काका आले, सांग बरं द्राक्षाला इंग्रजीत काय म्हणतात? मूल शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर गप्प उभं. मग दुसऱ्या दिवशी आमच्याकडेही गप्प.

आकड्याऐवजी घरी करायचं काम लिहून दिलं. मुलाच्या हातात फळ द्या आणि म्हणा: वॉश द ॲपल. स्मेल द लेमन. गिव मी हाफ. ते करतंय का एवढंच बघा. नाव विचारू नका. तुमचा उच्चार कसाही असो, चालेल. शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. अनेक घरांत आई-बाबा इंग्रजी बोलायला बिचकतात आणि सगळा भार मुलावर टाकतात.

एका आजींनी चिठ्ठी वाचून विचारलं, मी मराठीतच बोलले तर? बोला की. सोलताना ज्या गप्पा होतात त्या मराठीत जितक्या भरघोस होतील तितकं इंग्रजीला टेकायला सापडतं. ज्या मुलाला सालीचा कडवटपणा, गराचा रसाळपणा स्वतःच्या भाषेत सांगता येतो त्याला इंग्रजी शब्द फक्त नवं लेबल म्हणून लागतो. ज्याला मराठीतही सांगता येत नाही त्याला दोन गोष्टी एकदम शिकाव्या लागतात.

२१ जुलै

आजचं सत्र सगळ्यात दणक्यात झालं. सविस्तर लिहिते, पुढच्या गटाला जसंच्या तसं घेता येईल.

टबात वीतभर पाणी. मुलं भोवती बसलेली, बाह्या वर. एकेक फळ पाण्यात सोडायचं, पण आधी अंदाज सांगायचा: अप की डाउन. फ्लोट आणि सिंक हे नेमके शब्द मी बोलताना वापरले, मुलांकडून अप-डाउनच घेतलं. अंगठा वर, अंगठा खाली. बोलायचं नसेल त्याने नुसता अंगठा दाखवायचा.

सफरचंद: बहुतेक अंगठे खाली, कारण हाताला जड लागतं. तरंगलं. सफरचंदाच्या आकारमानाचा जवळपास पाचवा ते चौथा हिस्सा हवाच असते. मुलांना कारण सांगितलं नाही. त्यांना ते पुन्हा बघायचं होतं.

केळं तरंगलं. लिंबू तरंगलं. मग द्राक्ष. आता सगळे अंगठे वर, इतकं हलकं फळ बुडेल कशाला? सरळ तळाला गेलं. इथे आरडाओरडा. एकाने हात घालून द्राक्ष काढलं, पुन्हा सोडलं, पुन्हा बुडालं. "अगेन!" मी ते कधी शिकवलेलं नव्हतं. त्याने माझ्या तोंडून ऐकलं असणार, सालीच्या वेळी मी अगेन म्हणत होते. त्यानंतर 'अगेन' गटभर पसरलं, गप्प मुलाकडेही. टबाशी वाकून, कोणाकडे न बघता, तो हळूच 'अगेन' म्हणाला आणि स्वतःच द्राक्ष सोडलं. कोणी टाळ्या वाजवू नयेत म्हणून ताईंकडे बघून मी मान हलवली.

संत्र्यासाठी दोन फेऱ्या. सालीसकट सोडलं: तरंगतं. बाहेर काढलं, सगळ्यांनी मिळून सोललं, पील पील पील, पुन्हा सोडलं: बुडतं. सालीत बारीक हवेच्या जागा असतात, साल निघाली की तो आधार जातो. वजन कमी झालं तरी बुडलं हे एका मुलीला पटेना. तिने साल उचलून पुन्हा संत्र्याला गुंडाळायचा प्रयत्न केला. "पुट. पुट पील." वाक्य अपुरं, मतलब पूर्ण.

या एका सत्रात वापरात आलेले शब्द: अप, डाउन, इन, आउट, अगेन, वेट, नो, पील, पुट. यातलं एकही फळाचं नाव नाही. चार्टवर यातला एकही शब्द नाही.

पाण्यातलं फळ नंतर खायला दिलं नाही, पाण्यात सगळ्यांचे हात होते. खाण्याची फळं वेगळी धुवून आधीच बाजूला ठेवावीत.

२२ जुलै

कोणीतरी प्लॅस्टिकच्या फळांचा डबा दिला. सगळी एकाच वजनाची, एकाच वासाची, सगळी तरंगणारी. मुलं आकारावरून नाव लावतात, लँडाउ, स्मिथ आणि जोन्स यांनी १९८८ मध्ये हेच दाखवलं होतं. प्लॅस्टिकच्या फळात आकाराखेरीज काही नसतंच. त्या लिंबाला एकीने अंडं म्हटलं आणि तिचं काही चुकलं नाही. डबा लपवाछपवीसाठी ठेवला: पुट द ऑरेंज अंडर द चेअर. तेवढ्याला बरा.

२५ जुलै

प्रश्न विचारल्यावर थांबण्याचा सराव. माझा स्वतःचा, मुलांचा नव्हे. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात. परक्या भाषेत तर मुलाला आधी ऐकलेलं उलगडायचं असतं, मग शब्द शोधायचा असतो, मग जीभ वळवायची असते.

तीन सेकंद म्हणजे किती हे गप्प बसल्याशिवाय कळत नाही. फार लांब असतात. ताईंना मधेच उत्तर सांगून टाकायची घाई होते, म्हणून त्यांच्या हातात त्या वेळी फळं पुसायचं काम देते.

२९ जुलै

लिंबू. एकच गुण: सावर.

स्वीट-सावर जोडीने शिकवायचा मोह सगळ्यांना होतो, पुस्तकांतही जोड्याच असतात. शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलेले पॉल नेशन विरुद्धार्थी शब्द एकदम शिकवू नका असं बजावतात, कारण जोडी लक्षात राहते पण कोणता कुठला ते उलटतं. हे फारच खरं आहे. लेफ्ट-राइट जोडीने शिकलेली मोठी माणसं अजून रस्ता सांगताना हात बघतात. तेव्हा आज फक्त सावर. स्वीट पुढच्या आठवड्यात, तेही सावर पक्कं झालं असेल तरच.

थेंबभर रस प्रत्येकाच्या चमच्यात. चेहरे बघण्यासारखे. मी 'सावर!' म्हणताना तोंड वाकडं केलं, मुलांनी तोंड वाकडं करूनच शब्द उच्चारला, आता साध्या तोंडाने तो म्हणताच येत नाही. छान आहे. अर्थ चेहऱ्यावरच लिहिलेला. दोघांनी नको म्हटलं, त्यांना 'नो' म्हणायची संधी मिळाली. 'नो, थँक यू' सुचवलं, एकाने उचललं. चाखणं सक्तीचं नाही.

१ ऑगस्ट

तपासणी. चित्र दाखवून नाव विचारणं नाही. मुलांनी कधी न ऐकलेली जुळणी सांगायची आणि ते काय करतात ते बघायचं. 'वॉश द लेमन' कधी झालं नव्हतं, वॉश आणि लेमन वेगवेगळे झाले होते. 'स्मेल द पील'. 'गिव हिम हाफ'. 'पुट द ग्रेप ऑन द बनाना'. पाठांतर असेल तर इथे मूल अडतं, शब्द सुटे झाले असतील तर करतं.

बहुतेकांनी बहुतेक केलं. 'हिम' आणि 'हर' कोणालाच नीट नाही, दोन्हीला मुलं जवळच्या माणसाला देतात. 'स्मेल' आणि 'टेस्ट' मिसळले, दोन्ही वेळा फळ तोंडाशी जातं हे त्याचं कारण असावं. टेस्ट काही दिवस बंद, स्मेलच्या वेळी हात मागे बांधायचे.

खुळ्या सूचनाही दिल्या. 'पुट द बनाना ऑन युअर हेड.' 'से गुड नाइट टू द ऑरेंज.' हसण्यात कोणाला कळलं आणि कोण शेजाऱ्याचं बघून करतंय ते लगेच दिसतं: ज्याला कळलं तो आधी हसतो, मग करतो. नक्कल करणारा आधी करतो.

बोलण्याच्या बाबतीत गट अगदी असमान आहे. कोणी दोन-तीन शब्द जोडतं, कोणी 'अगेन' आणि 'नो'वर भागवतं. तसंच राहू द्यायचं.

आता पेअर आणलं. ॲपल पक्कं आहे, मग शेजारी नवं फळ ठेवून: 'ब्रिंग मी द पेअर. नॉट द ॲपल, द पेअर.' १९७८ मध्ये केरी आणि बार्टलेट यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांना असंच 'निळा नको, क्रोमियम ट्रे आण' म्हणून सांगितलं होतं आणि मुलांनी अनोळखी शब्द अनोळखी रंगाला लावला होता. ओळखीचं एक नाकारलं की उरलेलं ते नवं, हा तर्क मुलं स्वतः करतात. इथेही केला. दोन नवी फळं शेजारी असती तर करताच आला नसता. सुरुवातीला पेअर न घेण्याचं हे दुसरं कारण.

५ ऑगस्ट

मधे सुट्टी गेली. परतल्यावर काय उरलं ते पाहिलं.

पील, कट, वॉश, स्टॉप, अगेन: जसेच्या तसे. सावर: वाकड्या तोंडासकट. लेमन: काहींचं गेलं, पण लिंबू दाखवल्यावर 'सावर' म्हणतात. पेअर: गेलं, एकच दिवस झालं होतं. सॉफ्ट: कोणाचंच टिकलं नाही. सॉफ्ट मी नुसतं बोट लावून सांगत होते, मुलांनी काही केलं नव्हतं. आता जास्त पिकलेलं केळं चमच्याने कुस्करायला देणार आहे.

स्वतः केलेली कृती नुसत्या ऐकलेल्या शब्दापेक्षा जास्त टिकते, हे १९८० च्या दशकात रॉनल्ड कोहेन, योहानेस एंगेलकांप वगैरे मंडळींनी बऱ्याच प्रयोगांत पाहिलं होतं. माझ्याकडचा पुरावा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. क्रियापदं टिकली कारण मुलांनी ती हातांनी केली, की मीच ती दर सत्रात सगळ्यात जास्त वेळा उच्चारली म्हणून? दोन्ही एकत्रच घडलं, वेगळं काढायला जागा नाही.

८ ऑगस्ट

फ्रूट सॅलड. मुलांनी आधी धुतलं, मग सोललं, केळी कापली, बाकी ताईंनी कापलं, एका मोठ्या भांड्यात घातलं, ढवळलं. फर्स्ट, देन, नाउ हे शब्द मी मुद्दाम प्रत्येक पायरीआधी घेतले. मिक्स नवं, लगेच बसलं, कारण ढवळायला सगळ्यांना चमचा हवा होता: "मी मिक्स! माय टर्न!"

सफरचंदाच्या फोडी थोड्या वेळाने तांबूस पडायला लागल्या. ब्राउन. एका मुलीला वाटलं फळ खराब झालं. कापलेल्या पेशींतलं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने हा रंग आणतं, लिंबाच्या आम्लात त्याचं काम मंदावतं. एवढं मुलांना नको. दोन ताटल्या केल्या, एकीवर लिंबू पिळलं, दुसरीवर नाही, आणि खाऊन होईपर्यंत झाकून न ठेवता बाजूला ठेवल्या. परत आलो तर एक ब्राउन, एक नाही. "लेमन नो ब्राउन," गप्प मुलगा म्हणाला. आज त्याचा आवाज पहिल्यांदा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "यस. द लेमन कीप्स इट व्हाइट." आणि पुढची ताटली सरकवली.

१२ ऑगस्ट

पुढचा गट दुसऱ्या ताई घेणार आहेत. त्यांच्यासाठी.

फळांचा क्रम हाच ठेवायला हरकत नाही: केळं आधी, कारण ते मुलांना स्वतः सोलता आणि कापता येतं. सफरचंद आडवं कापा. टबाचं सत्र दुसऱ्या आठवड्यातच घ्या, मी उशिरा घेतलं तरी चाललं, पण त्यातले शब्द नंतर प्रत्येक सत्रात लागतात. आंबट आधी, गोड पुष्कळ नंतर. टेस्टच्या आधी स्मेल पक्कं होऊ द्या. पेअर शेवटच्या आठवड्यात, ॲपलच्या शेजारी ठेवून.

नाव विचारणारे पाहुणे वर्गात आले तर त्यांच्या हातात केळं द्या आणि मुलांना त्यांना सूचना द्यायला सांगा. आमच्याकडे एकदा असे पाहुणे आले, त्यांना 'स्टॉप' आणि 'अगेन' इतक्या वेळा ऐकावं लागलं की प्रश्न राहूनच गेले.

सामान: बोथट सुऱ्या, परात, ओली फडकी, चमचे, झाकण असलेला कचऱ्याचा डबा. पालकांच्या चिठ्ठ्या निळ्या फाइलमध्ये आहेत, ॲलर्जीची यादी फाइलच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे, नव्या गटाची नव्याने करा. टब मात्र मोठा बघा. मुलं कधीपासून कलिंगड तरंगतं का विचारतायत, अंगठे निम्मे वर निम्मे खाली, आणि सध्याच्या टबात ते मावत नाही.